वारा लागू नये म्हणून

बर्फ पडताना आवाज होत नाही, हे सरोजताईंना आधी कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस कसा, पत्र्यावर नाचत येतो, पागोळ्यांतून बोलतो, गटारातून भांडत जातो; आला-गेला साऱ्या आळीला कळतो. हा मात्र चोरपावलांनी यायचा. सकाळी पडदा सारावा तर कुंपण नाही, वाट नाही, पलीकडच्या मेंढ्या नाहीत. जगावरून कुणी पिठाचा हात फिरवून गेलेलं.

ट्वायझल गावापासून आठ किलोमीटरवर, उघड्या रानात लेकीचं घर एकटंच उभं होतं. जावई मकरंदराव तिथल्या कालव्यांवर आणि वीजकेंद्रावर इंजिनियर. लेक गार्गी पुण्यात वाढलेली, ख्राइस्टचर्चला इंजिनियरिंग शिकलेली आणि आता अकरा दिवसांची बाळंतीण. मुलगी झाली होती. नाव ठेवायचं राहिलं होतं, तोवर सगळे तिला चिमणी म्हणत.

सरोजताई मे महिन्यात, तिकडच्या थंडीच्या तोंडावर आल्या त्या बाळंतपणासाठीच. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, वेखंड आणि कराडकडच्या माहेराहून आलेलं एवढंसं ज्ञान: बाळंतिणीला ऊब द्यायची आणि वारा लागू द्यायचा नाही. बाकी सगळं त्यातच आलं.

रोज सकाळी चिमणीला मांड्यांवर घेऊन त्या तेल चोळायच्या आणि तोंडाने आपसूक ओवी यायची:

न्हाऊ माखू घालते मी,
ऊन पाणी, ऊन तेल;
माझ्या लेकीच्या गं दारी
फुलली जाईची वेल.

ओवी संपली की मात्र घर पुन्हा गप्प व्हायचं, आणि त्या गप्पपणाची त्यांना भीती वाटायची. पुण्यात घड्याळाची टिकटिक ऐकायला कान द्यावा लागे. इथे आपल्याच कानात रक्त वाहतंय ते ऐकू यायचं.

"आई, पडदा उघड ना. बघ तरी किती सुंदर दिसतंय," गार्गी म्हणायची.

"बघितलं."

"कधी?"

"काल."

"काल वेगळं होतं."

"पांढऱ्यात कसलं आलंय वेगळं," सरोजताई म्हणायच्या, आणि पांढऱ्या रंगाबद्दलचं जे पुढे जिभेवर यायचं ते गिळून टाकायच्या. बाळंतिणीसमोर तसलं बोलू नये. पडदा लावायचा, दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून बसवायचा, लेकीच्या कानांवरचा रुमाल पुन्हा आवळायचा.

"मी बाळंतीण आहे का लोणच्याची बरणी? किती दादरा बांधशील?"

"बरणीला बुरशी लागली की मग बोलू."

आठवड्यातून एकदा आरोहा यायची. ती गावातली सुईण, माओरी, खांद्याने रुंद आणि हाताने हलकी. "किआ ओरा, मम्मा," असा तिकडचा नमस्कार करत बूट दारात काढायची, चिमणीला तराजूत घालायची, आणि जाताना अळिवाचा लाडू मागून घ्यायची. ती आली की सरोजताईंना धीर यायचा. ती गेली की पुन्हा तेच पांढरं.

पहिल्याच आठवड्यात धुरीवरून गंमत झाली होती. ओवा, वावडिंग, लसणीची सालं एका निखाऱ्यावर टाकून त्यांनी खोलीभर फिरवली, आणि छतावरची एक पांढरी डबी अशी काही किंचाळायला लागली की चिमणीही दचकून रडली. मकरंदराव टॉवेल घेऊन धावले आणि डबीला वारा घालत सुटले.

"आई, याला धूर चालत नाही हो. जरा दिसला की बोंबलतं."

"मग मकरंदराव, तुमच्याकडे बाळंतिणी काय करतात?"

"हीट पंप लावतात आणि टोस्ट खातात."

सगळे हसले. तेव्हापासून धुरी बंद झाली. पण सरोजताईंच्या मनात त्या डबीबद्दल आदर बसला. राखणदार आहे बरं का, त्या म्हणायच्या, झोपत नाही बिचारं.

त्या दिवशी मकरंदराव घरी नव्हते. आदल्या दुपारीच त्यांना बोलावणं आलं. बर्फाच्या वजनाने कुठेतरी तारा तुटल्या होत्या. सकाळी आठला फोन आला: रस्ता बंद झालाय, उद्यापर्यंत येतो. "काही लागलं तर हेदरला फोन करा, आई. नंबर फ्रिजवर आहे. आणि गार्गीला म्हणावं, काळजी नको, इकडे खायला हीप्स, म्हणजे ढीगभर आहे."

दहाच्या सुमाराला वीज गेली. हीट पंपाचा तो एकसुरी श्वास थांबला आणि घरात बाहेरचा गप्पपणा शिरला. शेगडी विजेची, पाणी तापवायचं यंत्र विजेचं. हातात काडेपेटी असून चहा करता येईना. भिंतीवरच्या तापमापकाच्या काट्याने अकरापर्यंत चौदा दाखवले, साडेअकराला अकरा. सरोजताई दर थोड्या वेळाने चिमणीच्या नाकाला बोट लावून बघत होत्या. नाक गार. पावलं गार. टाळूवरची टोपी काढून हात ठेवला तर तिथेही पहिली ऊब नाही.

"आई, हेदरला फोन करू का?" गार्गी म्हणाली. "तिच्याकडे लाकडं जाळायचा बर्नर आहे. ट्रॅक्टर घेऊन येईल ती. आपण दोन दिवस तिकडेच राहू."

हेदर म्हणजे शेजारीण, शेजार म्हणजे किलोमीटरभर. सत्तरीची बाई, आठशे मेंढ्या एकटी सांभाळायची.

"अकरा दिवसांचं लेकरू? या बर्फातून? ट्रॅक्टरवर?" सरोजताईंचा आवाज त्यांनाच चिरका वाटला. "तिला वारा लागेल गार्गी. लागला वारा तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"मग काय करायचं? गोठायचं?"

"मी आहे ना."

गार्गी रात्रभर जागी होती. तिने वाद घातला नाही. नंतर सरोजताईंना सगळ्यात जास्त तेच आठवत राहिलं, की तिने वाद घातला नाही.

मागच्या शेडमध्ये बार्बेक्यूच्या कोळशाची पिशवी होती. सरोजताईंनी लोखंडी कढई घेतली, मागच्या लाकडी ओट्यावर बसून कागद, तेलाचा बोळा आणि कोळसे रचले, पदराने वारा घातला. बोटं बधिर झाली तरी उठल्या नाहीत. त्यांच्या आईने सांगून ठेवलेलं: धूर सरल्याशिवाय शेगडी आत नेऊ नये. धूर पुरता सरेपर्यंत त्या थांबल्या. निखारा जास्वंदीसारखा फुलला तेव्हाच कढई फडक्याने धरून आत आणली आणि पलंगाच्या पायथ्याशी दोन विटांवर ठेवली.

मान वर करून डबीकडे बघितलं. डबी गप्प होती.

तिला धूर कळायचा. या निखाऱ्याला धूरच नव्हता. पण हे सरोजताईंना कुठून कळावं? राखणदार बोलत नाही म्हणजे सगळं ठीक, असंच त्यांनी मानलं. दार लावलं. फटीत टॉवेल बसवला, काचेच्या सरकत्या दाराला चादर दुमडून लावली. खिडकीच्या कडेला एक सुईएवढी गार रेघ लागत होती, तिथे कापूस भरला.

थोड्या वेळात खोली उबली. गार्गीने रुमाल सैल केला.

"मानलं तुला, आई. लोणचं मुरतंय."

चिमणी झोपली. तिच्या गालांवर गुलाबी आली, इतकी की सरोजताईंनी मनातल्या मनात तिची दृष्ट काढली. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. बाहेर काय असेल ते असो, इथे चार भिंतींत माझं राज्य आहे. त्या हळू आवाजात गुणगुणल्या:

पांढरं गं रान सारं,
कुठं वाट, कुठं वई;
लेक माझी दूरदेशी,
तिथं ओळखीचं नाई.

"डोकं जड झालंय," गार्गी डोळे मिटूनच म्हणाली.

"झोप नाही ना रात्रभर. झोप आता."

"हिची दुधाची वेळ झाली का?"

"झाली असेल. झोपू दे. शेक लागला की लेकरं झोपतात."

गार्गी आणखी काहीतरी बोलली, पण शब्द मध्येच मऊ झाले. सरोजताई पलंगाला टेकून बसल्या. त्यांनाही गुंगी येत होती. कपाळामागे काहीतरी ठोकत होतं, म्हटलं, चहा नाही पोटात. निखाऱ्यावर राख धरू लागली तेव्हा आणखी चार कोळसे आणावेत म्हणून त्या उठल्या. गुडघे कापसाचे झाले होते. म्हटलं, वय. दार उघडून बाहेर पडल्या, आणि वारा आत जाऊ नये म्हणून मागे घट्ट लावून घेतलं.

बाहेर बर्फ थांबला होता.

शेड वीस पावलांवर. पिशवी काखेत मारून त्या बाहेर आल्या आणि वळायच्या ऐवजी उभ्या राहिल्या. का, ते सांगता यायचं नाही. ढग फाटून ऊन पडलं होतं, आणि दोन महिने ज्याच्याकडे त्यांनी पाठ फिरवली होती ते सगळं एकाच वेळी समोर आलं. डोंगर इतके जवळ होते की हात लावावा. कुंपणाच्या तारेवर बर्फाची वातीसारखी रेघ, आणि तिच्यावर एका पाखराच्या पायांचे ठसे. वारा नव्हता. या प्रदेशाला वारा असतो हे त्यांचं भय, तो वारा नेमका आज नव्हता. हवा फक्त थंड होती, विहिरीतून नुकत्याच काढलेल्या पाण्यासारखी, आणि ती छातीत खोल, खोल जात होती.

त्यांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. बरं वाटलं, म्हणून आणखी घेतला.

डोकं किती दुखत होतं हे त्यांना ते थांबल्यावर कळलं.

आणि मग, डोकं मोकळं झालं म्हणूनच, त्यात एक साधा विचार शिरला. गार्गीचंही डोकं दुखत होतं. दोघींचं एकदम का दुखावं?

त्यांचे यजमान, काशिनाथराव, जाऊन चार वर्षं झाली होती. हयात असताना ते रोज सकाळी चहा पिताना पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचायचे, ऐकणाऱ्याला हव्या असोत नसोत. दर डिसेंबरात एक बातमी ठरलेली असायची. बांधकामावरचा वॉचमन, बायको, दोन पोरं. थंडी म्हणून खोलीत शेगडी, दार-खिडक्या बंद. सकाळी दार तोडलं. "धूर नव्हता म्हणे," काशिनाथराव चष्म्यावरून बघत म्हणायचे, "वास नाही, काही नाही. झोपेतच." आणि पान उलटायचे.

माहेरच्या बाळंतिणीच्या खोलीला कौलं होती. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडायचे. त्या खोलीला आपण कितीही झाकलं तरी ती श्वास घ्यायची. या घराला मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने कापूस भरला होता.

पिशवी कुठे पडली त्यांना कळलं नाही. बर्फ गुडघाभर होता आणि धावता येत नव्हतं. पाय उचलावा, रोवावा, उचलावा. वीस पावलं. एकदा पडल्या, तोंडात बर्फ गेला. तोंडातून आवाज निघत होता, तो ओवीचाही नव्हता, देवाच्या नावाचाही नव्हता.

खोलीचं दार उघडलं तेव्हा ऊब अंगावर आली, आईच्या मायेसारखी, आणि त्यांना तिची शिसारी आली.

"गार्गी. गार्गे, ऊठ."

गार्गीचे डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. चिमणी तशीच पडलेली. गाल लालचुटूक, ओठ लाल, चित्रातल्या बाळासारखी सुंदर. उचललं तर मान एकीकडे, हात एकीकडे. सरोजताईंनी काचेचं सरकतं दार ओढलं. गोठलं होतं. पुन्हा ओढलं. नाही. मग त्या लेकराला छातीशी धरून बोळातून मागच्या ओट्यावर धावल्या.

आणि तिथे त्यांना ते करावं लागलं. गोधडीत गुंडाळलेलं अकरा दिवसांचं लेकरू त्यांनी उघड्या आभाळाखाली, बर्फाने भरलेल्या ओट्यावर ठेवलं आणि त्याला पाठ करून आत गेल्या. कारण आत त्यांचंही लेकरू होतं.

गार्गीला उचलणं शक्य नव्हतं. त्यांनी चादर ओढली, चादरीसकट ती धपकन खाली आली, त्या धक्क्याने कण्हली. "चल बाई. चल माझे राणी. एक पाऊल." काखेत हात घालून ओढलं. श्वास धरून ओढलं. बोळात गार्गीने पाय टेकवले, भिंतीला धरलं, ओकली, आणि चार पावलं स्वतः टाकली. ओट्यावर दोघी एकमेकींवर कोसळल्या.

चिमणी रडत नव्हती.

सरोजताईंनी गोधडी उघडली. वारा लागू नये म्हणून जपलेलं ते अंग त्यांनी थंडीत उघडं केलं. तोंडावर फुंकर घातली. तळवे चोळले. काही नाही. मूठभर बर्फ उचलला आणि एका इवल्या तळपायाला लावला.

एक. दोन. तीन. चार. रानात कुठे काही हललं नाही.

पायाचा अंगठा आखडला. मग तोंड वाकडं झालं, आणि मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक, रागावलेला आवाज आला. सरोजताईंनी दुसऱ्या पायाला बर्फ लावला. आवाज मोठा झाला. जगातली कुठलीही आजी नातीला रडवायला इतकी धडपडली नसेल.

श्वास रोखून त्या स्वयंपाकघरात एकदाच गेल्या. फोन आणि फ्रिजवरचा कागद घेऊन आल्या. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, त्यातलंही सगळं पळालं होतं.

"हेदर. बेबी. रूम… फायर, नो स्मोक. बेबी सिक. गार्गी सिक. कम."

 पलीकडून हेदरचा आवाज, मेंढ्या हाकताना असतो तसा, सावकाश आणि ठाम. आत जाऊ नका. तिघी बाहेरच राहा. मी निघाले.

ट्रॅक्टर येईपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. सरोजताईंनी लेकीला आणि नातीला एकाच गोधडीत घेतलं, स्वतःचा स्वेटर काढून त्यांच्यावर टाकला आणि चिमणी गप्प झाली की तिला चिमटा घेत राहिल्या.

गावातल्या दवाखान्यात आरोहाच होती. या वेळी किआ ओरा म्हणाली नाही. गार्गीच्या तोंडाला मुखवटा लावला, चिमणीच्या डोक्याभोवती काचेसारखी पारदर्शक टोपली ठेवली, तिच्यात ऑक्सिजन सोडला. ख्राइस्टचर्चहून हेलिकॉप्टर निघणार होतं, पण मधल्या खिंडीत ढग होते. तोवर थांबायचं. मकरंदराव बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग येत होते.

चिमणीच्या पायाला एक तार लावली होती आणि पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा होता. सरोजताई त्याकडे बघत बसल्या तेव्हा आरोहाने त्यांचा खांदा धरला आणि हावभावांनी, सोप्या शब्दांनी समजावलं: मम्मा, निखाऱ्याचा वायू रक्तात गेला की हे मशीन खोटं बोलतं. आकडा बघू नकोस. तिला बघ. छाती हलते का बघ, दूध मागते का बघ.

म्हणून त्या बघत होत्या. चिमणीने मघाशी दूध घेतलं होतं, थोडंच. आरोहा म्हणाली, चांगली खूण आहे. पुढचं ख्राइस्टचर्चला कळेल. 

दुपार कलली. गार्गीने मुखवटा जरा बाजूला केला.

"आई."

"बोलू नको."

"मकरंदला मी सांगेन."

"काय सांगशील?"

"झालं ते. दोघींनी केलं ते. मीपण तिथेच होते ना. मीपण इंजिनियर आहे, आई." ती थांबली. "मला कळायला हवं होतं."

सरोजताईंनी मान हलवली. रडण्याला आता जागा नव्हती, श्वास मोजायचे होते.

"तू कोळसे आणायला गेलीस ते मला अर्धवट आठवतंय," गार्गी म्हणाली. "खूप वेळ आली नाहीस. मी हाक मारत होते, पण आवाज निघत नव्हता. कुठे होतीस?"

पिशवी गोठली होती, पाय घसरला, शेडचं दार अडकलं. काहीही म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

"बर्फ बघत उभी होते," सरोजताई म्हणाल्या.

गार्गीने उशीवरून मान वळवून आईकडे पाहिलं.

"किती वेळ, ठाऊक नाही. पाच मिनिटं, दहाही असतील. तू हाका मारत होतीस, आणि मी…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. लगेच परत फिरल्या असत्या तर त्याच जड डोक्याने कढईत कोळसे घातले असते, दार लावून घेतलं असतं आणि शेजारी बसल्या असत्या. आणखी थोडं थांबल्या असत्या तर. दोन्हीकडे बघितलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

टोपलीतली छाती थांबली. दोघींनी एकदम पाहिलं. तान्ह्या बाळांचं असं होतं, आरोहाने सांगून ठेवलं होतं, मध्येच श्वास विसरतात आणि मग भराभरा घेतात. तरी दोघी थांबल्या. मग छाती हलली. एक छोटा, दोन छोटे, आणि एक लांब.

"मी दोन महिने पडदा उघड म्हणतेय," गार्गी मुखवट्याआडून म्हणाली. त्या आवाजात कुठेतरी तिची नेहमीची खोड होती. "आणि तू एकटीच जाऊन बघून आलीस."

"हो गं."

"कसा होता?"

सरोजताईंनी नातीवरून नजर हलवली नाही. बोट टोपलीच्या कडेवर होतं, श्वासागणिक जरासं उचलत होतं.

"पांढरा नव्हता," त्या म्हणाल्या. "मी उगीच पांढरा म्हणत होते. सावलीत निळा होता, गोकर्णीच्या कोवळ्या पाकळीवर असतो ना, तसा लवलवता. उन्हात नुसतं तेज. आणि काही म्हणजे काही हलत नव्हतं."

"भीती नाही वाटली?"

"तेवढा वेळ नाही." त्या थांबल्या, एक श्वास मोजला, मग दुसरा. "लांब कुठेतरी एक मेंढी खोकली. हेदरच्या कुरणापलीकडे असेल. इतक्या लांबची, पण शेजारी असल्यासारखी ऐकू आली. तिचा दम लागलेलासुद्धा."

गार्गीने हात पुढे केला. सरोजताईंनी तो धरला, दुसरा हात टोपलीवरच ठेवून, आणि दोघी पुन्हा त्या एवढ्याशा छातीकडे बघू लागल्या.